ड्राफ्टची वही: एनएफएल संघाच्या निवडी कशा तपासायच्या

२७ एप्रिल २०१२, शुक्रवार. न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात वाजले की आमच्याकडे सिअ‍ॅटलला दुपारचे चार होतात, म्हणून ऑफिसातून लवकर सटकलो होतो. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग; तिच्या ड्राफ्टची, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची, दुसरी आणि तिसरी फेरी होती. मांडीवर शंभर पानी वही, शेजारी चहा. ७५व्या क्रमांकावर आमच्या गावच्या संघाने, सीहॉक्सनी, रसेल विल्सन नावाचा क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) घेतला आणि मी वहीत लिहिलं, ‘उंची धड पाच फूट अकरा नाही. मार्चमध्येच मॅट फ्लिन हा क्वार्टरबॅक आणलाय. हा कशाला?’ दुसऱ्या दिवशी सातवी फेरी संपल्यावर सगळ्या दहा निवडींखाली लाल पेनाने एकच शेरा मारला: नापास.

मी एकटा नव्हतो. नावाजलेल्या जाणकारांनीही त्या ड्राफ्टला तळाची श्रेणी दिली होती. पुढे एकवीस महिन्यांनी, २ फेब्रुवारी २०१४ला, त्याच विल्सनच्या हाताखाली सीहॉक्सनी डेन्व्हरला ४३-८ असं धुतलं आणि सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला.

ती वही अजून माझ्याकडे आहे. विल्सन चमकेल हे मला कळलं नाही, याचं मला वाईट वाटत नाही. ते बत्तीसही संघांना कळलं नव्हतं, नाहीतर तो ७५पर्यंत उरलाच नसता. वाईट वाटतं ते याचं, की शेरा मारायला लागणारी कुठलीच माहिती हातात नसताना मी लाल पेन उचललं. तेव्हापासून दर एप्रिलला मी एक पद्धत पाळतो, ती इथे सविस्तर देतो. उदाहरण सगळीकडे सिअ‍ॅटलच्या २०१२च्या ड्राफ्टचंच घेतो, कारण त्याचा निकाल आता पूर्ण लागलेला आहे आणि माझी उत्तरपत्रिकाही जपून ठेवलेली आहे.

नव्याने बघणाऱ्यांसाठी दोन शब्द

हे अमेरिकन फुटबॉल. आमच्या कोल्हापूरच्या मित्राच्या मते याला फुटबॉल म्हणणं हाच मुळात अन्याय आहे, पण ते असो. बत्तीस संघ, सात फेऱ्या. आदल्या मोसमात जो संघ सर्वात वाईट खेळला त्याला पहिला नंबर, विजेत्याला शेवटचा. शाळा सोडून तीन वर्षं झालेला कॉलेजचा खेळाडूच ड्राफ्टमध्ये येऊ शकतो. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवायचा: इथे बोली नाही. पैसा आधीच ठरलेला, आणि खरं चलन म्हणजे तुमचा नंबर. हा नंबर विकता येतो, दुसऱ्याशी बदलता येतो, पुढच्या वर्षीचासुद्धा गहाण टाकता येतो. म्हणून ‘कोण घेतला’ या प्रश्नाइतकाच ‘कितीला पडला’ हा प्रश्न मोठा असतो, आणि टीव्हीवर तो कोणी विचारत नाही.

पहिली पायरी: त्या रात्री फक्त नोंद

ड्राफ्ट चालू असताना शेरा लिहायचा नाही. नोंदी मात्र भरपूर करायच्या, कारण त्या रात्री काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे तीन वर्षांनी कोणालाच आठवत नाही. डोकं बेमालूम खोटं बोलतं. २०१४मध्ये मला सिअ‍ॅटलमध्ये असा एकही माणूस भेटला नाही, ज्याला विल्सन ‘पहिल्यापासूनच’ आवडत नव्हता. मी सुद्धा तसंच सांगत फिरलो असतो, पण वही होती.

प्रत्येक निवडीपुढे मी एवढं लिहितो: नंबर, आणि तो नंबर संघाकडे कसा आला. खेळाडूची जागा. त्या जागेवर संघाकडे आधी कोण आहे, त्याचं वय काय, करार कधी संपतो. मग माझा अंदाज: हा पहिल्या वर्षी काय करेल, तिसऱ्या वर्षी काय करेल. आणि शेवटी एक ओळ, सर्वात अवघड. संघाच्या बाजूने लिहायची: ‘आम्ही याला घेतला, कारण…’

ही शेवटची ओळ टाळू नका. ती लिहिता येत नसेल, तर आपल्याला निवड कळलेली नाही एवढंच सिद्ध होतं. निवड चुकली हे सिद्ध होत नाही. विल्सनपुढे मी ही ओळ लिहिलीच नव्हती. लिहायला बसलो असतो तर निदान एवढं सुचलं असतं: कॉलेजमध्ये शेवटच्या वर्षी तो विस्कॉन्सिनला खेळला, तिथे त्याच्यापुढे उभी असलेली फळी धिप्पाड होती, आणि तरीही त्याचे पास त्यांच्या डोक्यावरून नीट जात होते. मग उंचीचा बाऊ किती करायचा? शिवाय फ्लिनने तोवर एनएफएलमध्ये सुरुवातीपासून खेळलेले सामने होते फक्त दोन. ‘जागा भरलेली आहे’ हे माझं वाक्य त्या दोन सामन्यांवर उभं होतं.

दुसरी पायरी: घरात काय होतं ते बघा

निवडीची किंमत संघाच्या गरजेवर ठरत नाही, पण निवडीचा अर्थ मात्र गरजेशिवाय लागत नाही. सीहॉक्स २०११मध्ये ७-९ होते, म्हणजे सात जिंकले, नऊ हरले. बचावात मागची फळी तयार झालेली: अर्ल थॉमस आणि कॅम चान्सलर २०१०च्या ड्राफ्टमधले, रिचर्ड शर्मन २०११चा, तोही पाचव्या फेरीत १५४व्या क्रमांकावर मिळालेला. समोरच्या क्वार्टरबॅकला घाईला आणणारा खेळाडू मात्र ख्रिस क्लेमन्सखेरीज धड कोणी नव्हता. मधला लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा) डेव्हिड हॉथॉर्न नुकताच न्यू ऑर्लिन्सला गेलेला. आणि क्वार्टरबॅकची गादी रिकामीच म्हणायची.

हे तीन खड्डे, आणि पहिल्या तीन निवडी बघा: १५व्या क्रमांकावर ब्रूस अर्व्हिन, काम क्वार्टरबॅकवर धावून जाणं. ४७व्या क्रमांकावर बॉबी वॅग्नर, मधला लाइनबॅकर. ७५व्या क्रमांकावर विल्सन. जनरल मॅनेजर जॉन श्नायडर आणि प्रशिक्षक पीट कॅरल काही हवेत बाण मारत नव्हते. हे कळायला पाच मिनिटं आणि संघाची यादी पुरते. मी ती पाच मिनिटं दिली नाहीत, कारण टीव्हीवर सगळे ‘अर्व्हिन तिसऱ्या फेरीत मिळाला असता’ म्हणून ओरडत होते.

हे वाक्य ऐकलंत की सावध व्हा. ‘नंतरही मिळाला असता’ हे फक्त बाकीच्या एकतीस संघांच्या याद्या पाहिलेला माणूस म्हणू शकतो, आणि असा माणूस नसतो. माध्यमांत फिरणाऱ्या याद्या पत्रकारांच्या असतात. त्यावरून ‘वीस नंबर आधी घेतला’ म्हणून संघाला फासावर देणं म्हणजे शेजाऱ्याच्या घड्याळात बघून आपली गाडी उशिरा आली म्हणण्यासारखं आहे.

तिसरी पायरी: किंमत काढा

इथे कॅल्क्युलेटर घ्या.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना डॅलस काउबॉइजनी एक तक्ता बनवला. प्रत्येक नंबरला गुण: पहिल्याला ३०००, दुसऱ्याला २६००, दहाव्याला १३००, आणि खाली उतरत उतरत सातव्या फेरीच्या शेवटी जेमतेम एक-दोन. अदलाबदल करताना दोन्ही बाजूंचे गुण साधारण जुळले की सौदा बरोबरीचा. आज संघ आपापले तक्ते वापरतात, पण हा जुना तक्ता सगळीकडे मिळतो आणि हिशेब शिकायला उत्तम आहे.

सिअ‍ॅटलकडे मुळात १२वा नंबर होता. तो त्यांनी फिलाडेल्फियाला दिला आणि बदल्यात १५, ११४ आणि १७२ घेतले. तक्त्यात १२व्याचे १२०० गुण. मिळाले १०५० अधिक ६६ अधिक सुमारे २३, म्हणजे ११३९. साठेक गुणांचा तोटा. तक्त्याच्या भाषेत चौथ्या फेरीतला एक मधला नंबर फुकट सोडला.

दुसऱ्या फेरीत परत तेच. ४३वा नंबर न्यूयॉर्क जेट्सना दिला, त्याचे ४७०. बदल्यात ४७, १५४ आणि २३२. म्हणजे ४३०, सुमारे ३० आणि जेमतेम १. एकूण ४६१. पुन्हा थोडा तोटा.

म्हणजे तक्त्याप्रमाणे सिअ‍ॅटल दोन्ही सौद्यांत फसलं. मग आता तक्त्याकडेच संशयाने बघायची वेळ येते. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी (थेलर म्हणजे ज्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते) ड्राफ्टच्या बऱ्याच वर्षांची आकडेवारी तपासली. त्यांना दिसलं की संघ वरच्या नंबरांसाठी अवाच्या सवा मोजतात. एका जागेवर आधी निवडलेला खेळाडू हा त्याच जागेवर त्याच्यानंतर निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता किती? ५२ टक्के. नाणं उडवलं तरी ५० मिळतात.

हे एकदा पटलं की मागे सरकून जास्त नंबर गोळा करणं शहाणपणाचं दिसू लागतं. नाणंच उडवायचंय, तर ते जास्त वेळा उडवावं. म्हणून माझ्या वहीत आता सौद्यासाठी दोन आकडे असतात: तक्त्याप्रमाणे नफा-तोटा, आणि हातात किती नंबर आले किंवा गेले. दुसऱ्या आकड्याला मी जास्त मान देतो. सिअ‍ॅटलने दोन नंबर देऊन सहा घेतले, आणि दहा खेळाडू निवडले.

त्याच वर्षी वॉशिंग्टनने उलटं केलं. सहाव्या नंबरावरून दुसऱ्यावर चढून क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनला घेण्यासाठी त्यांनी आपला सहावा नंबर, त्याच वर्षीचा दुसऱ्या फेरीचा नंबर आणि पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे नंबर सेंट लुइसला देऊन टाकले. ग्रिफिन पहिल्या वर्षी खरंच झगमगला, मग गुडघा गेला. गुडघ्याचा दोष निर्णयाला देऊ नका. पण सगळी अंडी एका गुडघ्यावर ठेवली, हा दोष निर्णयाचाच.

चौथी पायरी: त्याच्या जागी कोण मिळालं असतं

इथे लोक सर्वात जास्त लबाडी करतात, आणि ती लबाडी आहे हे त्यांना कळतही नाही. ‘अमुक संघाने टॉम ब्रेडीला सोडलं!’ अहो, २०००मध्ये ब्रेडी १९९वा गेला. सगळ्यांनीच सोडला, न्यू इंग्लंडनेसुद्धा पाच फेऱ्या सोडला. आपल्याकडे २००८च्या आयपीएलआधी एकोणीस वर्षांखालील मुलांचा ड्राफ्ट झाला, तेव्हा दिल्लीने घरचा विराट कोहली सोडून प्रदीप सांगवान घेतला आणि कोहली बेंगळुरूला गेला. दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते, गोलंदाज हवा होता. आज हसू येतं, पण त्या दिवशीची ती ओळ ‘आम्ही याला घेतला, कारण…’ अगदी सरळ लिहिता येते.

तर नियम असा करा. तुलना फक्त दोन गटांशी: त्या नंबरानंतर लगेच गेलेले दहा खेळाडू, आणि त्याच जागेवरचे पुढचे तीन-चार. सगळ्या ड्राफ्टमधला सर्वोत्तम शोधून तो डोक्यावर मारायचा नाही.

अर्व्हिनला हा नियम लावू. त्याच्यानंतर त्याच प्रकारचं काम करणारे कोण गेले? १६व्या क्रमांकावर क्विंटन कोपल्स, १८व्या मेल्विन इंग्रम, १९व्या शे मॅक्लेलिन, २१व्या चँडलर जोन्स, २६व्या व्हिटनी मर्सिलस. यातला जोन्स अर्व्हिनपेक्षा कितीतरी मोठा खेळाडू निघाला, इंग्रमही वरचढ. कोपल्स आणि मॅक्लेलिन खाली राहिले. पाचांत अर्व्हिन मधोमध. १५व्या नंबराला मधोमध म्हणजे काही गुन्हा नाही. आणि १२व्या नंबरावर फिलाडेल्फियाने ज्याला घेतलं तो फ्लेचर कॉक्स? तो वर्षानुवर्षं बचावाचा खांब झाला, सुपर बोलही जिंकला. सौद्याच्या रकान्यात कॉक्सचं नाव लिहायलाच हवं. पण सिअ‍ॅटलने १२वर थांबून कॉक्सलाच घेतलं असतं असं धरू नका. हवा होता अर्व्हिन, तर १२वरही अर्व्हिनच घेतला असता.

वॅग्नरची गोष्ट जास्त मजेची. चार नंबर मागे सरकताना मध्ये ४६वर फिलाडेल्फिया होतं, आणि त्यांनाही लाइनबॅकरच हवा होता. त्यांनी मायकल केंड्रिक्सला घेतलं. चांगला खेळाडू. पण त्यांनी वॅग्नरचं नाव चिठ्ठीवर लिहिलं असतं, तर आज याच सौद्याला आम्ही घोडचूक म्हणत बसलो असतो. ४३वर जेट्सनी घेतलेला स्टीफन हिल दोन मोसम टिकला. वॅग्नर सिअ‍ॅटलमध्ये सलग दहा मोसम खेळला आणि सहा वेळा ऑल-प्रोच्या, म्हणजे त्या मोसमातल्या लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात आला. निकाल दहापैकी दहा. निर्णय? मी आठ देतो. दोन गुण फिलाडेल्फियाच्या चिठ्ठीचे कापले.

आणि विल्सन. त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले: अँड्र्यू लक, ग्रिफिन, रायन टॅनेहिल, ब्रँडन वीडन, ब्रॉक ऑस्वायलर. वीडन बेसबॉल खेळून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा, आणि क्लीव्हलंडने त्याला २२व्या क्रमांकावर घेतला. ७०व्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलने ब्रायन अँगर घेतला. अँगर पंटर. म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवून परत बाकावर येऊन बसणारा गडी. (अँगर पुढे उत्तम पंटर झाला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तिसरी फेरी!) विल्सननंतर ८८वर निक फोल्स आणि १०२वर कर्क कझिन्स. पुढे फोल्सने फिलाडेल्फियाला सुपर बोल जिंकून दिला. एवढे दोघे मागे उरले होते, यावरूनच कळतं की त्या वर्षी क्वार्टरबॅक ओळखण्यात सगळेच चाचपडत होते.

पाचवी पायरी: करार वाचा

ड्राफ्टचा अर्धा जीव यात आहे. २०११पर्यंत वरच्या नंबरांचे खेळाडू वाटेल तेवढे पैसे मागत. २०१०चा पहिला, सॅम ब्रॅडफर्ड: सहा वर्षांना ७.८ कोटी डॉलर, त्यातले ५ कोटी खात्रीचे. २०११मध्ये मालक आणि खेळाडू संघटनेचा नवा करार झाला, नवख्यांच्या पगाराला पट्टी लागली, आणि त्या वर्षीचा पहिला, कॅम न्यूटन, चार वर्षांना २.२ कोटींत आला. तेव्हापासून ड्राफ्टमधल्या प्रत्येकाचा करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्यांना पाचवं वर्ष वाढवायचं की नाही हे संघ ठरवतो.

तिसऱ्या फेरीतल्या विल्सनचा पगार? चार वर्षांचे मिळून सुमारे ३० लाख डॉलर. २०१३मध्ये एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून १२.३ कोटी खर्चायची मुभा होती. त्यात सुरुवातीपासून खेळणारा क्वार्टरबॅक इतका स्वस्त, म्हणजे बाकीचा घरखर्च आरामात. २०१३च्याच मार्चमध्ये सिअ‍ॅटलने क्लिफ एव्हरिल आणि मायकल बेनेट हे दोन धावून जाणारे बाहेरून आणले.

याचं फळ एका चेंडूत दिसलं. त्या सुपर बोलचा दुसरा क्वार्टर. डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग पास टाकायला हात मागे घेतो, एव्हरिल बाजूने येऊन त्याच्या हातावर आदळतो, चेंडू फुसका होऊन कटलेल्या पतंगासारखा वर जातो. खाली माल्कम स्मिथ उभा. तो झेलतो आणि ६९ यार्ड पळत जाऊन टचडाउन करतो, म्हणजे चेंडू शेवटच्या रेघेपलीकडे नेऊन गुण मिळवतो. आमच्या दिवाणखान्यात कोणीतरी चिवड्याचं ताट उडवलं. स्मिथ त्या सामन्याचा मानकरी ठरला. २०११च्या सातव्या फेरीतला, २४२वा. एव्हरिलचा पगार ज्या शिलकीतून निघाला ती शिल्लक तिसऱ्या फेरीतल्या क्वार्टरबॅकची. ड्राफ्टची निवड त्या खेळाडूपुरती मोजली तर हे सगळं हिशेबातून निसटतं.

म्हणून वहीत एक रकाना ठेवा: या जागेवर बाजारातून माणूस आणला असता तर किती पडला असता? विल्सनने स्वतः २०१५मध्ये पुढच्या चार वर्षांसाठी ८.७६ कोटींचा करार केला. त्या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे ७५व्या निवडीची कमाई. याच हिशेबाने एक कडू गोष्टही कळते. क्वार्टरबॅक, धावून जाणारे, टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारे), कॉर्नरबॅक (पास अडवणारे) या महाग जागा. रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) किंवा पंटर बाजारात स्वस्त मिळतात. तितकाच चांगला खेळाडू वरच्या नंबरावर स्वस्त जागेसाठी घेतला, तर संघ मागे पडतो, तो कितीही चांगला निघाला तरी.

सहावी पायरी: तीन वर्षं थांबा, मग मोजा

पहिल्या मोसमावर भुलू नका. अर्व्हिनने पहिल्या वर्षी ८ सॅक केले, म्हणजे पास सुटायच्या आत क्वार्टरबॅकला आठदा पाडलं, त्या वर्षीच्या सगळ्या नवख्यांत सर्वाधिक. मग जानेवारीत क्लेमन्स जखमी झाला, अटलांटाविरुद्ध अर्व्हिनला पूर्ण वेळ उभं राहावं लागलं, आणि धावणाऱ्यांपुढे तो हलका पडतोय हे उघड दिसलं. सामना ३०-२८ असा गेला. दुसऱ्या वर्षी बंदी असलेल्या द्रव्यामुळे पहिल्या चार सामन्यांची बंदी, आणि जागाही बदलून लाइनबॅकर. एका खेळाडूच्या दीड वर्षात तीन वेगवेगळे शेरे.

मी तीन गोष्टी मोजतो. पहिली, स्नॅप: संघाच्या एकूण खेळ्यांपैकी किती टक्के खेळ्यांना तो मैदानात होता. प्रो फुटबॉल रेफरन्सवर २०१२पासूनचे स्नॅप मिळतात. तिसऱ्या वर्षी साठ टक्क्यांच्या वर असेल तर मी त्याला नेहमीचा खेळाडू धरतो. ही साठची रेघ माझी, तुम्ही पन्नास धरा. दुसरी, त्याच साइटवरची अ‍ॅप्रॉक्झिमेट व्हॅल्यू. वेगवेगळ्या जागांच्या खेळाडूंना एका मापाने मोजायचा तो ओबडधोबड प्रयत्न आहे. दहा आणि अकरातल्या फरकावर वाद घालू नका, तीन आणि अकरातल्या फरकावर घाला. तिसरी आणि मला सर्वात भरवशाची वाटणारी: दुसरा करार. चार वर्षं रोज सरावात बघून झाल्यावर संघ स्वतःच्या खिशातून पैसे काढतो का? तिथे भाषणं बंद होतात.

सिअ‍ॅटलचे दहा जण या चाळणीतून काढा. विल्सन आणि वॅग्नर, दोघांनाही २०१५च्या उन्हाळ्यात मोठे करार. वॅग्नरचा चार वर्षांना ४.३ कोटी. अर्व्हिनचं पाचवं वर्ष संघाने वाढवलं नाही. २०१६मध्ये ओकलंडने त्याला चार वर्षांसाठी ३.७ कोटी कबूल केले. १७२वा जेरेमी लेन, त्या फिलाडेल्फियाच्या सौद्यातून आलेला, कॉर्नरबॅक म्हणून रुजला आणि २०१६मध्ये सिअ‍ॅटलनेच त्याला चार वर्षांचे २.३ कोटी दिले. हा सौदा तक्त्यात साठ गुणांनी तोट्यात होता, हे विसरू नका.

२२५वा जे. आर. स्वीझी तर निव्वळ जादू. कॉलेजात बचावात खेळायचा; इथे आणून त्याला गार्ड केला, म्हणजे रेघेच्या पलीकडे उभा केला. सुपर बोलमध्ये तो सुरुवातीपासून खेळला. २०१६मध्ये टँपा बेने त्याला पाच वर्षांसाठी ३.२५ कोटी देऊ केले. बाकीचे पाच: टर्बिन मुख्य रनिंग बॅक मार्शॉन लिंचच्या मागे तीन मोसम राबला, हॉवर्डला संघाने सोडलं आणि तो कॅन्सस सिटीला जाऊन चमकला, टूमर, गाय, स्क्रग्स इथे फारसे टिकले नाहीत.

हॉवर्डचं काय करायचं, यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. निवड बरोबर होती आणि सोडणं चुकलं, असं मी दोन वेगळ्या ओळींत लिहितो. कोल्हापूरकर म्हणतो, सासरी न नांदलेली पोरगी माहेरच्या हिशेबात धरायची नाही. त्याचंही खरं असेल.

यादी दहावर संपत नाही. सातव्या फेरीनंतर दूरध्वनी सुरू होतात आणि न निवडलेल्यांशी संघ थेट करार करतात. त्या वर्षी सिअ‍ॅटलने असाच जर्मेन कर्सला घेतला. सुपर बोलमध्ये त्याने टचडाउन केला. मी त्याचं नावही वहीत लिहिलं नव्हतं. आता शेवटचं पान न निवडलेल्यांसाठी कोरं सोडतो.

सातवी पायरी: एका ड्राफ्टवरून माणूस मोजू नका

२०१२च्या जोरावर मी २०१३ला श्नायडर-कॅरल जोडीला आंधळा विश्वास दिला. पहिल्या फेरीचा नंबर त्यांनी पर्सी हार्विनसाठी मिनेसोटाला देऊन टाकला होता. पहिली निवड ६२वी, रनिंग बॅक क्रिस्टिन मायकल. त्या वर्षी अकरा जण निवडले आणि त्यातला एकही वॅग्नरच्या जवळपास पोचला नाही. तीच माणसं, तीच खोली, तेच व्हिडिओ. म्हणून जनरल मॅनेजरबद्दल मत बनवायला मी किमान चार ड्राफ्ट एकत्र घेतो, आणि त्यातला सर्वात चांगला आणि सर्वात वाईट बाजूला ठेवून मधले दोन बघतो.

शेवटी गुण कसे द्यायचे? तीन वेगळे रकाने: निर्णय, किंमत, निकाल. निर्णयाचा रकाना ड्राफ्टनंतर आठवड्याभरात, फक्त त्या रात्रीच्या नोंदींवरून भरायचा आणि पुन्हा हात लावायचा नाही. किंमत दुसऱ्या वर्षी. निकाल तिसऱ्या वर्षानंतर. मी या तिन्हींची बेरीज करत नाही. लोक विचारतात, मग एकूण किती? एकूण काही नाही. विल्सनपुढे माझ्याकडे असं आहे: निर्णय ७, किंमत १०, निकाल १०. सातच का, तर फ्लिनला पैसे मोजून जेमतेम सव्वा महिना उलटला होता, आणि क्वार्टरबॅकवर दोनदा खर्च करणं त्या दिवशी तरी उधळपट्टीच दिसत होतं. फ्लिन एका वर्षात ओकलंडला गेला.

अर्व्हिनची ओळ मात्र अजून पेन्सिलीत आहे. ८ सॅकवाल्या वर्षी मी त्याला आठ दिले, बंदीच्या वर्षी पाच, ओकलंडने पैसे मोजले तेव्हा सात. शेजारी बारीक अक्षरात ‘कॉक्स?’ असं लिहिलंय, आणि त्याच्यावर चिवड्याच्या तेलाचा डाग आहे.